पाडव्याचा पट आणि दमयंतीचा पण

उद्या बलिप्रतिपदा. व्यापाऱ्यांच्या वहीपूजनाचा, साडेतीन मुहूर्तांतील अर्ध्या मुहूर्ताचा आणि पत्नीने पतीला ओवाळण्याचा हा मंगल दिवस. परंतु याच तिथीला धर्मशास्त्राच्या ग्रंथांत आणखी एक नाव आहे आणि व्यासपीठावरून ते उच्चारताना आमच्यासारख्या हरिदासाची जीभ किंचित अडखळते. ते नाव म्हणजे द्यूतप्रतिपदा. कमलाकरभट्टांनी १६१२ साली पूर्ण केलेल्या ‘निर्णयसिंधू’त ब्रह्मपुराणाचा आधार देऊन या दिवशी प्रातःकाळी द्यूत खेळावे असे सांगितले आहे. ज्याची सरशी होईल त्याचे वर्ष सुखाचे जाईल, असा त्यामागचा समज. याच दिवशी शंकर आणि पार्वती पटावर बसली, शंकर हरले, पार्वती जिंकली, अशी कथाही तेथे येते.

आमच्या पंढरपूरच्या घरी हा आचार आजही पाळला जातो. अभ्यंगस्नान आणि ओवाळणी झाली की वडिलांच्या वेळचा सोंगट्यांचा पट निघतो, कवड्या निघतात, आणि सुपाऱ्यांचा पण लावून आम्ही उभयता घटकाभर खेळतो. अकरा सुपाऱ्या त्यांच्याकडे, अकरा आमच्याकडे. घटका संपली की पट गुंडाळून फडताळात जातो तो पुढच्या पाडव्यापर्यंत. या आचाराचे आम्ही कीर्तनांतून अनेकदा कौतुक केले आहे. मात्र त्या कौतुकात काहीतरी राहून जात होते, हे आम्हांस पासष्टी ओलांडल्यावर कळले, आणि तेही कोथरूडच्या एका श्रोत्या बाईंमुळे.

गोष्ट २०२३ सालच्या नवरात्रातली. कोथरूडच्या एका मंदिरातील उत्सवात आमची पाच दिवस कीर्तने होती. कोथरूड म्हणजे एकेकाळचे पुण्याबाहेरचे गाव. आज तेथे टेकडीच्या पायथ्यापर्यंत इमारती आहेत आणि वनाजपासून मेट्रो धावते. वस्ती बहुतांशी शिकलेल्या, नोकरदार, निवृत्त मंडळींची. श्रोता चोखंदळ, एखाद्या समासाचा विग्रह चुकला तर प्रसाद घेताना हळूच कानात सांगणारा. १९ ऑक्टोबर, गुरुवार, ललितापंचमी. त्या सायंकाळी उत्तररंगाला आम्ही नलदमयंतीचे आख्यान लावले होते. मांडव निम्मा रिकामा. कारण उघड होते. त्याच वेळी गहुंजेच्या मैदानावर विश्वचषकातील भारत-बांगलादेश सामना रंगात आला होता.

आख्यान द्यूताच्या प्रसंगापाशी आले. नळ एकेक करून सर्व हरतो आहे, मंत्री आणि नगरजन दाराशी ताटकळले आहेत, दमयंती वार्ष्णेय सारथ्याला बोलावून दोन्ही लेकरे कुंडिनपुरी आजोळी धाडते आहे. (आपत्ती ओळखून मुले आधी सुरक्षित जागी धाडण्याचे हे शहाणपण स्त्रियांनाच कसे सुचते कोण जाणे!) तेवढ्यात शेजारच्या इमारतींतून एकच गलका उठला आणि आमच्या तबलजींची सम चुकली. पाहतो तो डग्ग्याच्या आडोशाला भ्रमणध्वनी उजळलेला. हा मुलगा गुणी, निर्व्यसनी, चहाही न घेणारा. कीर्तनानंतर त्याला विचारले तेव्हा तो संकोचला खरा, पण अपराधी मात्र वाटला नाही. म्हणाला, “बुवा, अकरा खेळाडूंचा संघ लावलाय. एकोणपन्नास रुपये फक्त. वडापाव-चहाचे पैसे. आणि हा जुगार नाही, डोकं लागतं याला.”

त्या रात्री विराट कोहलीने षटकार ठोकून शतक आणि विजय एकदमच पुरे केले. तबलजींच्या एकोणपन्नास रुपयांचे काय झाले ते आम्ही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या घरी एक बाई भेटीस आल्या. वय सत्तरीच्या घरात, पुण्यातल्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या. नमस्कार करून समोर बसल्या आणि म्हणाल्या, “बुवा, काल तुम्ही नळाने राज्य परत जिंकल्याचे सांगितलेत. पुष्करापुढे त्याने पण काय लावला होता, ते नाही सांगितलेत.”

आम्ही म्हणालो, “परदेशी मिळवलेले धन.”

“आणि?”

वाचकहो, त्या ‘आणि’पुढे आमची वाचा बसली. कारण आम्हांस उत्तर ठाऊक होते. मूळ आरण्यकपर्वात, भांडारकर संस्थेसाठी सुकथनकरांनी संपादून १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधित प्रतीतही, ते स्वच्छ आहे. ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची गणितविद्या, शिकून आलेला नळ पुष्कराला आव्हान देतो तेव्हा तो आपले मिळविलेले धन पणाला लावतो आणि त्याबरोबर दमयंतीलाही लावतो. चाळीस वर्षे आम्ही हे आख्यान लावीत आलो आणि चाळीस वर्षे तो शब्द गिळत आलो. आमच्या गुरुजींनीही गिळला होता. मराठी हरिदासांना रघुनाथ पंडितांनी हंसाची आणि स्वयंवराची गोडी लावून ठेवली आहे. श्रोत्यांनाही तेच हवे असते. द्यूत आटोपते घ्यावे, शेवट गोड करावा, आरती घ्यावी.

बाई पुढे म्हणाल्या, “पहिल्या वेळी पुष्कर म्हणाला होता, आता दमयंती उरली, लाव तिला. तेव्हा नळाने उत्तरही दिले नाही. अंगावरचे अलंकार उतरवले आणि एका वस्त्रानिशी चालता झाला. कली अंगात असताना जे केले नाही, ते कली निघून गेल्यावर केले. का?”

आम्ही निरुत्तर झालो. मग त्यांनीच सांगितले. “कारण आता त्याला विद्या आली होती. आता आपण हरणार नाही, अशी खात्री होती. माझा जावईही असाच खात्रीचा माणूस आहे.”

जावई संगणक अभियंता, कोथरूडलाच राहणारा, उत्तम पगाराचा. त्यानेही आरंभ चहाच्या किमतीनेच केला होता. पुढे वही आली. कोणता फलंदाज कोणत्या मैदानावर किती धावा काढतो, दव पडल्यावर फिरकी चालते की नाही, नाणेफेक जिंकून काय करावे, सारे त्या वहीत. एकदा मोठी रक्कम लागली, घरात पेढे वाटले गेले. त्यानंतर दोन वर्षांत कर्ज झाले. आणि एके दिवशी लेकीच्या बांगड्या, ज्या बाईंनी आपल्या निवृत्तीच्या पैशातून केल्या होत्या, बँकेत गहाण पडल्याचे कळले. लेकीला ते महिनाभराने समजले. जाब विचारला तेव्हा जावई रागावला नाही, हात उगारला नाही. शांतपणे त्याने समजावून सांगितले की हा अभ्यासाचा खेळ आहे, जुगार नव्हे, आणि तसे न्यायालयाने म्हटलेले आहे.

बाई हे सांगत असता आम्हांस ऋग्वेदाच्या दशम मंडलातील अक्षसूक्त आठवत होते. बेहड्याच्या फळांच्या फाशांनी नादावलेला तो जुगारी आपली दैना स्वतःच सांगतो. बायको घराबाहेर काढते, सासू द्वेष करते, मागावयास जाऊ तेथे कोणाची दया येत नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या ऋषीला सासूची नोंद घ्यावीशी वाटली, याचे आम्हांस नेहमी हसू येई. त्या दिवशी आले नाही. समोरच्या सासूबाई द्वेष करीत नव्हत्या. त्या एक प्रश्न घेऊन आल्या होत्या. “नळाने पण लावला तेव्हा दमयंतीला विचारले होते का?”

पर्व उघडून पाहिले तर याचेही उत्तर मिळते, आणि ते सुखद नाही. महिनाभर सासुरवाडीस राहून नळ निषधाकडे निघाला तेव्हा एक रथ, सोळा हत्ती, पन्नास घोडे आणि सहाशे पायदळ त्याच्याबरोबर होते. दमयंती नव्हती. ती माहेरी, विदर्भात होती. वर्धा नदीकाठचे आजचे कौंडण्यपूर हेच ते गाव असे आपण मानतो. डाव मांडला गेला, तिचे नाव उच्चारले गेले, पुष्कराने तिच्याविषयी नको ते उद्गार काढले, एका फेकीत निकाल लागला. तिला पत्ताच नाही. नळ जिंकला म्हणून ती राणी. उलटे पडते तर?

आता कौशल्याविषयी थोडे. आमच्या तबलजींनी आणि त्या जावयांनी जे म्हटले ते त्यांच्या मनचे नव्हते. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा कौशल्याच्या खेळाला जुगार मानीत नाही. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्रांतील शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धांच्या निमित्ताने हा भेद विस्ताराने मांडला. १९६७ साली रमी मुख्यतः कौशल्याची ठरली आणि १९९६ साली घोड्यांची शर्यतही. पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे धावतात ते या भेदाच्या छत्राखाली. न्यायालयाच्या निर्णयांवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. कायद्याला कोठेतरी रेषा ओढावीच लागते. पण ती रेषा घराच्या उंबरठ्यावर आणून ठेवली की काय होते, एवढे विचारण्याचा अधिकार हरिदासाला आहे.

महाभारताच्या सभेत कौशल्य कोणाकडे होते? शकुनीकडे. धर्मराजाला खेळाची आवड होती, विद्या नव्हती. म्हणजे त्या दिवशीचे द्यूतही, शकुनीच्या बाजूने पाहिले तर, कौशल्याचाच खेळ! कौशल्याने द्यूताचे पाप धुऊन निघत असते, तर व्यासांनी शकुनीला निर्दोष सोडले असते. विद्येने एवढेच होते की अडाण्याचे धन जाणत्याकडे जाते. आणि जाणता आपणच आहोत असे प्रत्येकाला वाटते, ही त्यातली खरी मेख. ज्याला सर्व नशिबावर आहे असे वाटते तो निदान भितो. मटक्याचा आकडा लावणारा हमाल दोन रुपये लावतो आणि देवाचे नाव घेतो. ज्याने वही केली आहे तो देवाचेही नाव घेत नाही.

मटक्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. आमच्या पांढरपेशा समाजाची यातली वृत्ती तपासून पाहण्यासारखी आहे. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लावण्याचे वेड मुंबईत होते. ते भाव बंद झाल्यावर १९६२ साली वरळीत मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याचा प्रकार सुरू झाला आणि गावोगाव पोचला. पंढरपुरातही पोचला. त्या आकडे लावणाऱ्यांना आम्ही कीर्तनांतून किती झोडपले! गिरणीकामगार, हातगाडीवाले, हमाल, सारे आमच्या दृष्टीने वाया गेलेले. तोच पैसा, तीच आशा, तेच रात्रीचे जागरण आज वातानुकूलित खोलीत झाले की आम्ही त्याला ‘विरंगुळा’ म्हणतो. मटकेवाल्याला हवालदार धरतो आणि आमच्या संघाची जाहिरात २०२५ पर्यंत दूरदर्शन संचावर नामांकित खेळाडू करीत असत.

आणि आमचे स्वतःचे हात स्वच्छ आहेत काय? नाहीत. महाराष्ट्र राज्याची लॉटरी १९६९ साली निघाली. ऐन उमेदीत दर दिवाळीला आम्ही तिच्या भव्यतम सोडतीचे एक तिकीट घेत असू. एस.टी. स्थानकाजवळच्या टपरीवर, ओळखीचे कोणी नाही असे पाहून. मनाची समजूत अशी की पैसा सरकारजमा होतो, म्हणजे एका परीने दानच. एकदा ते तिकीट पोथीत खूण म्हणून राहिले आणि सौभाग्यवतींच्या हाती लागले. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त विचारले, “सांगितले असते तर मी नको म्हटले असते का?” तो प्रश्न आम्ही हसून घालविला. कोथरूडच्या बाई समोर बसल्या तेव्हा तीस वर्षांनी तो परत येऊन आमच्यासमोर बसला.

शास्त्रकारांनी या विषयाचा केवढा काथ्याकूट केला आहे! निर्जीव वस्तूंनी खेळावे ते द्यूत, आणि कोंबडे, मेंढे अशा सजीवांच्या झुंजीवर पैजा लावाव्या ते समाह्वय, असा भेद मनूने केला आणि राजाने दोन्हीही बंद करावीत असे ठणकावले. खेळाडूंवरच्या पैजा हा समाह्वयाचाच आधुनिक अवतार, मेंढ्यांच्या जागी माणसे आली इतकेच. उलट कौटिल्य व्यवहारी. त्याने द्यूताध्यक्ष नेमला, खेळ एका जागी आणला, जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच राजाला घेतले. याज्ञवल्क्याच्या स्मृतीतही सभिकाचा वाटा शेकडा पाच आणि दहा असा बांधलेला आहे. बंदी घालावी की कर घ्यावा, हा वाद तेव्हापासूनचा. आमच्या सरकारने दोन्ही वाटा चोखाळल्या. त्या कीर्तनाच्या अठरा दिवस आधी, १ ऑक्टोबर २०२३ पासून, अशा खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर शेकडा अठ्ठावीस कर लागू झाला. कौटिल्य थक्क झाला असता. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळच निषिद्ध ठरविले, आणि यात कौशल्याचा की नशिबाचा हा भेदही ठेवला नाही. त्यानंतर मोठमोठ्या कंपन्यांनी आपले पैशाचे पट गुंडाळले. मनू जिंकला म्हणावयाचे.

परंतु मनू काय, कौटिल्य काय, दोघेही राजाच्या बाजूने पाहतात. आत बसलेल्या बाईच्या बाजूने पाहणारा प्रश्न सभापर्वात एकदाच उभा राहिला आणि तो द्रौपदीने केला. आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय? भीष्मांसारखा पुरुष धर्म सूक्ष्म आहे म्हणून थांबला. बोलला तो एकटा विकर्ण, कौरवांतलाच. आम्ही हरिदास या प्रसंगी वस्त्रहरणाकडे धावतो, श्रीकृष्णाचा धावा करतो, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणतो. पण द्रौपदीचा प्रश्न अनुत्तरितच राहतो. त्याहून चमत्कारिक पुढचे. धृतराष्ट्राने सर्व काही परत दिले, रथ जोडले, पांडव वाटेला लागले, आणि पुन्हा बोलावणे येताच धर्मराज परत फिरला. त्या दुसऱ्या वेळी तरी त्याने द्रौपदीकडे वळून पाहिले काय?

हे सर्व मनात घोळत असता पाडव्याचा आमचा पट आम्हांस निराळा दिसू लागला. आजवर आम्ही म्हणत असू की पाडव्याचे द्यूत निर्दोष, कारण पण सुपाऱ्यांचा, वेळ घटकाभराची. ते खरेच आहे, पण अर्धेच. कैलासावरच्या कथेत पार्वती पटाच्या पलीकडच्या बाजूला बसलेली आहे. ती खेळते आहे. फासे तिच्या हातात आहेत, हरजीत तिच्या डोळ्यांदेखत होते आहे, आणि ती जिंकते. हस्तिनापुरात आणि निषधात स्त्री पटावर नाही. ती पणात आहे. एकोणपन्नास रुपये की एकोणपन्नास हजार, नशीब की अभ्यास, हे आम्ही पुष्कळ काळ मोजीत बसलो. ज्याचे जाणार आहे तो पटावर बसला आहे की नाही, हे मात्र पाहिले नाही.

तबलजींचा गतसाली विवाह झाला. त्यांना आम्ही एवढेच सांगितले की संघ लावावयाचा तर तो सूनबाईंसमोर बसून, त्यांना दाखवून लावीत जा. ते ओशाळून म्हणाले, “मग कशाला लावीन, बुवा?”

बाईंचे पत्र गेल्या महिन्यात आले. कायद्याने खेळ थांबला, जावई काही दिवस सैरभैर होता, मग परदेशातल्या कुठल्याशा ठिकाणी आडवाटेने जाता येते असे त्याला कोणीतरी सांगितले. या वेळी लेकीने पगाराचे खाते आपल्या हाती घेतले आहे. वही अजून कपाटात आहे. बांगड्या सुटलेल्या नाहीत. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे की पुढच्या नवरात्रात पुन्हा तेच आख्यान लावा, मी पुढे बसेन.

लावणार आहोत. पण दमयंतीच्या नावाशी येऊन पुढे काय म्हणावे, हे अद्याप जुळलेले नाही. नळ पुण्यश्लोक, प्रातःस्मरणीय, त्याचे नाव घेतल्याने कलीची बाधा टळते असे आम्हीच सांगत आलो. त्याच मुखाने हे सांगावयाचे म्हणजे जीभ जड होते. सौभाग्यवतींना विचारले. त्या म्हणाल्या, जसे लिहिले आहे तसे सांगा, आणि थांबा.

उद्याच्या पटाची तयारी त्यांनीच केली आहे. कवड्या धुऊन पुसून ठेवल्या आहेत. गेल्या पाडव्याला त्यांनी आमच्या अकराही सुपाऱ्या जिंकल्या होत्या. त्या त्यांनी परत दिलेल्या नाहीत, आणि यंदा खेळावयाचे तर सुपाऱ्या बाजारातून आणाव्या लागतील, असे आज सकाळीच आम्हांस बजावण्यात आले आहे.